सुरुवातीचे तीन सेकंद

"बाबा, गाडी सुरू करताना खडखडते," असं वैदेही म्हणाली, तेव्हा बिंदुमाधवराव पाळंदे यांना मनातून बरंच वाटलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत त्यांना इंजिनाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

"कधीपासून?"

"झाले दोन महिने. फक्त सकाळी, पहिल्यांदा सुरू करताना. मग दिवसभर काही नाही. तुम्ही एकदा येऊन ऐका ना."

बिंदुमाधवरावांनी चहा तसाच ठेवला आणि मफलर गुंडाळला. रेल्वेच्या इंजिन कारखान्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती, त्यातली सव्वीस टेस्टिंग शेडमध्ये. नवं इंजिन पहिल्यांदा सुरू व्हायचं तेव्हा साहेब लोक काट्यांकडे बघत आणि बाकीचे पाळंदेबाबूंच्या तोंडाकडे. पाळंदेबाबूंनी मान हलवली की इंजिन पास. त्यांनी भुवई चढवली की एवढं मोठं धूड पुन्हा उघडायचं, मग काटे काहीही सांगोत. एवढा त्यांच्या कानांचा दबदबा होता.

उत्तरेतल्या त्यांच्या शहरात, नदीकाठच्या बालाजी घाटाच्या गल्ल्यांत गाडी येत नाही. पाळंद्यांची चौदा वर्षांची पांढरी गाडी मैदागिनजवळ एका छापखान्याच्या आवारात उभी असे. घरापासून चालत बारा-पंधरा मिनिटं. तिथून वैदेही रोज ती गाडी काढून रामनगरला बँकेत जाई. वाटेत ती काहीतरी सांगत होती, बिंदुमाधवराव "हं, हं" करत होते. त्यांचं लक्ष पुढे होतं.

आवारात पोचल्यावर ते बॉनेटजवळ वाकून उभे राहिले. वैदेहीने किल्ली फिरवली. सेल्फ घरघरला आणि इंजिन लागलं. छान, गोल, एकसारखं. बिंदुमाधवराव खडखडाटाची वाट बघत राहिले.

"ऐकलंत?" वैदेहीने काचेतून डोकं बाहेर काढलं.

"काय?"

"आवाज! झाला की. आता गेला."

बिंदुमाधवरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. ती थट्टा करत नव्हती.

"हं," ते म्हणाले. का म्हणाले ते त्यांना कळलं नाही. "बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. "हे बघ, मी इथे उभा राहतो. आवाज सुरू झाला की तू बोट वर कर, थांबला की खाली घे." वैदेहीने एका हाताने किल्ली फिरवली आणि दुसऱ्या हाताचं बोट काचेबाहेर काढून उभं केलं. एक, दोन, तीन. बोट खाली गेलं. त्या तीन सेकंदांत बिंदुमाधवरावांना सेल्फ ऐकू आला, इंजिन ऐकू आलं, पंखाही ऐकू आला. बोट वर होतं आणि त्याच्या जोडीचा आवाजच नव्हता.

मुलीला भास होतोय की काय, असं त्यांच्या मनात आलं. बँकेत मार्चपासून कामाचा ताण आहे, झोप पुरत नाही. वैदेही निघून गेल्यावर त्यांनी छापखान्याच्या म्हाताऱ्या चौकीदाराला सहज विचारल्यासारखं विचारलं, "सकाळी गाडी आवाज करती है क्या?"

चौकीदार हसला. "ई तो दो महीना से बोल रही है, बाबूजी. एकदम टीन का डिब्बा. हम सोचे आपको मालूम होगा."

म्हणजे भास नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला, मधुवंतीलाही बरोबर नेलं. मधुवंतीबाई बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवून नुकत्याच घरी बसल्या होत्या. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नसे. इंजिन सुरू झालं तशा त्या दचकून एक पाऊल मागे सरल्या.

"अगं बाई! डब्यात सुपाऱ्या घालून कुणी हलवतंय जणू."

"सुपाऱ्या नाही गं आई, सायकलची चेन उतरते ना, तसा," वैदेही म्हणाली.

बिंदुमाधवरावांनी मनात मोजलं. टीनचा डबा, सुपाऱ्या, सायकलची चेन. तिघांनी ऐकलेला आवाज एकच होता की तीन? आणि तो आपल्यालाच का येत नाही? त्यांनी विचार करून पाहिला. ते बॉनेटच्या फार जवळ होते का? वारा उलटा होता का? सेल्फच्या आवाजात मिसळून जातो का? प्रत्येक शंका दोन मिनिटं टिकायची आणि मग तिच्यात काही अर्थ नाही असं त्यांनाच दिसायचं. त्यांनी मोबाइलवर शोधलं. तिथे जुन्या गाडीच्या खडखडाटाची इतकी कारणं निघाली की वाचून डोकं आणखी गरगरलं. शेवटी ते म्हणाले, "लल्लनकडे नेतो."

लल्लन मिस्त्रीचं गॅरेज रामनगरमध्ये, किल्ल्याच्या अलीकडे होतं. माणूस पंचेचाळिशीचा, एकट्याने काम करणारा, हाताचा स्वच्छ. त्याचे चुलते इंजिन कारखान्यात फिटर होते, त्यामुळे तो बिंदुमाधवरावांना मानत असे. वैदेहीला बँकेत सोडून ते गाडी घेऊन त्याच्याकडे गेले. लल्लनने गाडी बंद केली, सुरू केली, पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली. पंचवीस मिनिटं चालून आलेलं गरम इंजिन एखाद्या शहाण्या पोरासारखं चालत राहिलं.

"कुछ नहीं है, बाबूजी. आप ही बताइए, आवाज कब आती है? स्टार्ट होते ही, कि रेस देने पर?"

सोपा प्रश्न होता. उत्तरही वैदेहीने दिलेलं होतं. पण लल्लनने पुढे हसत एक वाक्य जोडलं, "चाचा बताते थे, पाळंदेबाबू कान लगा दें तो इंजन खुद बोल देता है. आपने सुना है तो आधा काम हो गया."

बिंदुमाधवराव उगाच बॉनेटवर वाकले. मी ऐकलंच नाही, हे या माणसाला कसं सांगायचं? ऐकलं असतं तर मी काय सांगितलं असतं, असा विचार करून, अनुभवाच्या जोरावर, त्यांनी एक आवाज मनातल्या मनात तयार केला.

"रेस दी तो," ते म्हणाले. "ऊपर से आता है. हलका. टॅपेट जैसा. और नीचे पत्रा भी हिलता होगा."

लल्लनने मान डोलावली. गुरूने सांगितलं म्हणजे झालं. त्याने दुपारपर्यंत खपून इंजिनाच्या वरच्या भागातले टॅपेट जुळवले आणि सायलेन्सरवरच्या पत्र्याला नवे बोल्ट मारले. बिंदुमाधवराव स्टुलावर बसून बघत राहिले. सगळं काम नीट झालं होतं. एवढंच की, ज्याची तक्रार कुणीच केली नव्हती अशा दोन गोष्टी दुरुस्त झाल्या होत्या.

"तसाच आहे," दुसऱ्या दिवशी सकाळी वैदेहीने फोन केला. "उलट जरा जास्तच वाटतोय. बाबा, लल्लनला तुम्ही नीट सांगितलं होतंत ना?"

"हं," बिंदुमाधवराव म्हणाले.

मग लल्लननेच तोड काढली. गाडी रात्रभर इथेच ठेवा, सकाळी थंड इंजिन मी स्वतः सुरू करतो. वैदेही रिक्षाने घरी आली. दुसऱ्या दिवशी आठ वाजता तिघं स्वयंपाकघरात पोहे खात असताना तिच्या मोबाइलवर लल्लनचा व्हिडिओ आला. तिने तो मोठ्या आवाजात लावून ओट्यावर टेकवून ठेवला.

"हाच! हाच आवाज, बाबा!"

पडद्यावर उघडं बॉनेट होतं. लल्लनचा हात दिसला, इंजिन हललं. मग लल्लनचा जाडा आवाज आला, "सुने, बाबूजी?" बिंदुमाधवरावांना तो स्पष्ट ऐकू आला. त्याच्या आधी मात्र फक्त इंजिन होतं.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. तिने पुन्हा लावला.

मधुवंतीबाई पोह्यांवर खोबरं पेरता पेरता म्हणाल्या, "आणि साळुंक्या किती कलकलाट करतायत तिथे! झाड आहे वाटतं गॅरेजवर."

बिंदुमाधवरावांनी चमचा खाली ठेवला. "कुठल्या साळुंक्या?"

"या व्हिडिओतल्या. लल्लनच्या आवाजावर कडी करतायत नुसत्या."

वैदेही रिक्षा पकडायला निघून गेली, मधुवंतीबाई भाजीला खाली उतरल्या. तेव्हा बिंदुमाधवरावांनी आपल्या मोबाइलवर तोच व्हिडिओ मागवून घेतला आणि गच्चीच्या जिन्यात बसून उजव्या कानाला लावला. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. इंजिन, लल्लन, इंजिन, लल्लन. त्यात एकही साळुंकी नव्हती. त्यांनी मान वर करून समोरच्या कठड्यावर पाहिलं. तिथे तीन साळुंक्या बसल्या होत्या, चोची उघडत होत्या, मिटत होत्या. त्यांच्याकडून काहीही येत नव्हतं. आणि शेवटचं कधी आलं होतं, हे त्यांना काही केल्या आठवेना.

तरीही त्यांचं मन मानेना. माणसं बोललेली कळतात. आरतीची घंटा कळते. नदीतल्या होड्यांचे भोंगे कळतात. मग कान गेले म्हणायचं तरी कसं? आणि गेले नसतील, तर मग हे काय आहे?

दुपारी लल्लनचा फोन आला. तो गोंधळला होता. "बाबूजी, आप बोले थे रेस पर आता है. ये तो खाली स्टार्ट पर है, तीन सेकंड, फिर खतम. ये टॅपेट नहीं, टायमिंग चेन है. चेन को कसने वाला टेन्शनर ढीला पड़ा होगा. इंजन आगे से खोलना पड़ेगा. खोलूँ?"

इंजिन उघडायचं. आपल्या खोट्या शब्दावर एकदा काम झालं होतंच, आता त्याच गोंधळात इंजिन उघडलं जाणार होतं. बिंदुमाधवराव म्हणाले, "मत खोलो. मैं कल सुबह आता हूँ. स्टार्ट मत करना मेरे आने तक."

उजाडता उजाडता त्यांनी घर सोडलं. रामनगरला जाणाऱ्या सामने घाट पुलावर धुकं इतकं दाट होतं की रिक्षावाला खाली मान घालून रस्त्याची कड बघत चालवत होता. लल्लन शटर उघडून उभाच होता. त्याने चहा पुढे केला. बिंदुमाधवरावांनी तो घेतला नाही, आधी बोलून टाकलं. उभ्या उभ्या, हिंदीत, जसं सुचेल तसं.

"लल्लन, मैंने वो आवाज सुनी ही नहीं. पहले दिन भी नहीं. कल वीडियो में भी नहीं. तुमको जो बताया, मन से बताया."

लल्लनला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. त्याने चहाचा ग्लास बाकावर ठेवला, हात फडक्याला पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिला.

"शेड में छब्बीस साल?" त्याने विचारलं.

"छब्बीस."

"चाचा भी आखिर में हमसे चिल्लाकर बात करते थे. हम लोग समझते थे गुस्सा हैं." तो आत गेला आणि हातभर लांब स्क्रूड्रायव्हर, त्याच्या भाषेत पेचकस, घेऊन आला. "कान छोड़िए. हड्डी से सुनिए. आपको हम क्या सिखाएँ."

हे बिंदुमाधवरावांना माहीत नव्हतं असं नाही. उलट हजार वेळा केलेलं होतं. पण गेल्या आठवड्यात ते सुचलंच नव्हतं, कारण आपल्याला त्याची गरज आहे हेच कबूल नव्हतं. त्यांनी पेचकसाचं टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणावर, चेनच्या बरोबर वर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबली. दुसरा हात वर केला.

"आवाज आया तो उँगली उठाऊँगा. तुम दिया देखो, तेलवाला."

लल्लन आत बसला. समोरच्या पट्टीवर तेलाचा लाल दिवा लागला होता. त्याने किल्ली फिरवली.

आणि तो आला. कानात नाही, कवटीत. कडकडकडकड, साखळी एखाद्या लोखंडी पेटीच्या आतल्या भिंतीवर आपटावी तसा. बिंदुमाधवरावांचं बोट आपोआप वर गेलं. त्यांचे दातसुद्धा त्या आवाजात हलल्यासारखे वाटले. मग एकदम सगळं निवलं आणि बोट खाली आलं.

"बाबूजी!" लल्लन ओरडला. "उँगली गिरी और दिया बुझा, एक साथ!"

बिंदुमाधवराव पेचकस हातात घेऊन तसेच उभे राहिले. इतक्या दिवसांनी आवाज भेटल्याचा आनंद झाला होता. पण आता शंकेला जागा उरली नव्हती. आवाज होता. नव्हते ते आपले कान.

पण डोकं तर शाबूत होतं. तेलाचा दिवा विझतो म्हणजे तेलाचा दाब आला. दाब आला की टेन्शनर चेन ताणून धरतो आणि आवाज थांबतो. म्हणजे टेन्शनर मेलेला नाही, त्याला तेल उशिरा मिळतंय. रात्रभर उभी राहिल्यावरच उशीर होतो, गरम असताना होत नाही. म्हणजे रात्री तेल वरून उतरून जातंय. ते कुठून उतरेल? या गाडीत तेलाचा फिल्टर आडवा बसतो, आणि त्याच्या तोंडाशी रबराची एक चकती असते. ती तेलाला मागे येऊ देत नाही.

"फिल्टर खोलो," ते म्हणाले.

"फिल्टर कब का है?"

बिंदुमाधवरावांना आठवलं. पितृपंधरवड्याच्या आधीचा आठवडा. छापखान्याच्या आवारात सतरंजी पसरून, गाडीखाली शिरून, त्यांनी स्वतः तेल बदललं होतं. वैदेही म्हणाली होती की मिस्त्रीकडे द्या, तर "चौतीस वर्षं मी काय केलं मग?" असं म्हणाले होते. फिल्टर बाजारातल्या एका दुकानातून उचलला होता. दिसायला अगदी सारखा, आटेही सारखे. आणि जुन्या इंजिनाला जाड तेल बरं, म्हणून ट्रकवालं जाड तेल ओतलं होतं.

"मैंने लगाया," ते म्हणाले. "सितंबर में."

लल्लनने इंजिन बंद केलं, घटकाभर निवू दिलं आणि फिल्टर पिळून काढला. आत बोट घालून फिरवलं. मग तो फिल्टर बिंदुमाधवरावांपुढे धरला. त्यांनीही बोट घातलं. रबराची चकती तिथे नव्हतीच. नुसती पत्र्याची भोकं.

दोन महिने दररोज सकाळी त्यांची मुलगी कोरड्या चेनवर इंजिन सुरू करत होती, आणि ती करणी त्यांच्या हातची होती. त्यांना ते तेव्हाच कळलं असतं. फिल्टर लावल्याच्या दुसऱ्या दिवशीच, पहिल्याच सेकंदाला. टेस्टिंग शेडमधल्या पाळंदेबाबूंना नक्की कळलं असतं.

योग्य फिल्टर आणि पुस्तकात लिहिलेलं पातळ तेल आणायला लल्लन स्वतः सायकलवर गेला. गाडी आणखी एक रात्र तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी बिंदुमाधवराव वैदेहीला घेऊन गेले. त्यांनी पेचकस घेतला नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, जसे एकेकाळी लोक त्यांच्या तोंडाकडे बघायचे. वैदेहीने किल्ली फिरवली, डोळे बारीक करून कान दिला, आणि हसली.

"गेला! एकदम गेला, बाबा. काय होतं?"

"संध्याकाळी सांगतो," ते म्हणाले. "आईसमोर."

संध्याकाळी त्यांनी सांगितलं. बैठकीत, खुर्चीत ताठ बसून, कारखान्यात चूक कबूल करताना बसावं तसं. फिल्टरचं सांगितलं, लल्लनशी बोललेल्या खोट्याचं सांगितलं, साळुंक्यांचं सांगितलं. मधुवंतीबाई मधेच उठून खिडकीशी गेल्या. त्या रागावल्यात की रडतायत ते त्यांच्या पाठीवरून कळेना.

"मधू?"

त्या वळल्या. डोळे भरलेले होते, पण आवाज कडक होता. "दोन वर्षं. दोन वर्षं मी या घरात बोलते आणि तुम्ही 'हं' म्हणता. आधी वाटलं नोकरी सुटल्याने मन लागत नाही. मग वाटलं, आता माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही यांच्यापाशी. मी सईला पत्र लिहावं तसे लांबलांब मेसेज करत बसते, ते कशामुळे? बहिणीला सांगते, कारण नवरा ऐकत नाही." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आणि तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

हे बिंदुमाधवरावांच्या ध्यानीमनी नव्हतं. "मला वाटायचं तूच हल्ली कमी बोलतेस," ते म्हणाले. "बरं वाटत नाही की काय तुला, अशी काळजी करत होतो."

मधुवंतीबाईंना रडता रडता हसू फुटलं. वैदेही मात्र हसत नव्हती. ती हळूहळू सतरंजीवर बसली आणि दोन्ही हात तोंडाशी नेले.

"बाबा," ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मग रोहनचं तुम्ही ऐकलंत की नाही?"

"कोण रोहन?"

आता तिघंही एकमेकांकडे बघू लागले.

"मी उन्हाळ्यात गच्चीवर तुम्हाला सगळं सांगितलं होतं," वैदेही म्हणाली. "अर्धा तास. तुम्ही नदीतल्या होड्यांकडे बघत होतात. मी म्हटलं, तुमची हरकत नसेल तर आम्ही पुढे विचार करतो. तुम्ही 'हं' म्हणालात. मी किती घाबरले होते! आणि तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात. मी आईला येऊन सांगितलं, बाबा मान गए!"

"मलाही आश्चर्यच वाटलं होतं," मधुवंतीबाई म्हणाल्या. "म्हटलं, एवढ्या सहज कसे तयार झाले."

"आणि गेल्या आठवड्यात गाडीकडे जाताना मी विचारलं, पुढच्या रविवारी त्याला घरी बोलवू का, तर पुन्हा 'हं'. तो येतोय, बाबा. या रविवारी."

बिंदुमाधवरावांनी डोक्याला हात लावला. आपण एका लग्नाला होकार दिला होता आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. आणखी कशाकशाला 'हं' म्हटलं असेल? मेव्हण्याला? बँकेतल्या माणसाला? मुलीवर रागवावं तर ती चुकली नव्हती. तिने विचारलं होतं. त्यांनी उत्तरही दिलं होतं. रागवायला हवं होतं ते नेमकं कुणावर, हे त्यांना ठरवता येईना.

शेवटी त्यांनी खुर्ची ओढून वैदेहीच्या अगदी समोर आणली. "सांग. पहिल्यापासून. सावकाश. तोंड माझ्याकडे ठेवून."

वैदेहीने सांगितलं. रोहन नागपूरचा. तिच्याच बँकेत, बदली होऊन दीड वर्षांपूर्वी इथे आलेला. लंका नावाच्या वस्तीत खोली घेऊन राहतो. वडील नाहीत, आई शिक्षिका. काही शब्द तरीही निसटले. ते त्यांनी हात वर करून पुन्हा विचारले. एकदा त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वैदेहीचा आवाज किंचित चढला, मग लगेच उतरला. सगळं संपल्यावर ते म्हणाले, "हो की नाही ते आत्ता सांगत नाही. पण या वेळी ऐकलंय."

शनिवारी मधुवंतीबाई त्यांना लंकेवरच्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. काचेच्या खोलीत बसवून, कानावर टोप्या चढवून, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बराच वेळ त्यांनी बटण दाबलंच नाही. त्यांना वाटलं यंत्र सुरू व्हायचंय अजून. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. जाड आवाजांपाशी ती सरळ चालत होती आणि बारीक आवाजांपाशी घाटाच्या पायऱ्या उतराव्यात तशी खाली गेली होती. "इंजिनांनी खाल्लेत," डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येणार नव्हतं, पण कानाची यंत्रं लावून बरंचसं काम भागलं असतं. त्यांनी आठवडाभर वापरून बघायला एक जोडी दिली.

यंत्रं लावून ते लंकेवर बाहेर आले आणि भांबावून भिंतीशी उभे राहिले. प्रत्येक गोष्टीला आवाज फुटला होता. प्लास्टिकची पिशवी कडकडत होती. त्यांच्या स्वतःच्या चपला बोलत होत्या. कुठूनतरी किणकिण येत होती आणि ती कसली ते त्यांना ओळखता येईना. मधुवंतीबाईंच्या बांगड्या आहेत हे कळायला घाटापर्यंतचा अर्धा रस्ता गेला. घरी पोचताच त्यांनी दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवली आणि डोकं धरून बसले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज थोडा थोडा वेळ लावा, सवय होईल.

रविवारी अकरा वाजता रोहन आला. उंच, सावळा, चष्मेवाला. एक मिठाईचा पुडा घेऊन उंबऱ्यात उभा. बिंदुमाधवराव तयार होऊन बसले होते. एकच यंत्र लावलं होतं, उजव्या कानात. दोन्ही लावली की अजून भोवळ यायची. रोहनने वाकून नमस्कार केला, समोर बसला आणि काहीतरी बोलला. तोंडातल्या तोंडात, नजर खाली ठेवून. पोरगा घाबरला होता.

बिंदुमाधवरावांना त्यातलं "काका" तेवढं कळलं. पुढचं सगळं गढूळ. रोहन बोलून थांबला आणि उत्तराची वाट बघू लागला. दाराआड वैदेही उभी होती. मधुवंतीबाई पाण्याचा तांब्या घेऊन मधेच थबकल्या होत्या. बिंदुमाधवरावांच्या जिभेवर तो जुना, सोपा, एका अक्षराचा शब्द आलेला होता. तो म्हटला असता तर सगळं सुरळीत पुढे गेलं असतं. कशाला होकार दिला हे पुन्हा महिन्यांनी कळलं असतं.

त्यांनी खुर्ची थोडी पुढे सरकवली.

"जरा मोठ्यानं बोला," ते म्हणाले. "मला कमी ऐकू येतं."

रोहनने मान वर केली. त्यांच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.